घुमटाच्या रांगेत

फ्लॉरेन्सला परत जायचं नवऱ्याच्या मनात आलं, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर आमच्याच घराचं ड्रॉइंग करत बसले होते. लंडनजवळच्या ब्रॅकनेलमधलं आमचं घर सेमी-डिटॅच्ड, एका बाजूने शेजाऱ्यांना चिकटलेलं. मागे लांबट बाग आणि स्वयंपाकघर असं की दोघं उभे राहिले तर तिसऱ्याने दारात थांबायचं. मागच्या बाजूला एक्स्टेंशन काढून खाली एक खोली आणि तिला लागून बाथरूम करायची, म्हणजे पुण्याहून माझी आई किंवा सासू-सासरे आले की त्यांना जिना चढायला नको, असं आमचं बरेच महिने चाललं होतं. जेवणं उरकली की मी टेबल पुसून घ्यायचे आणि बटर पेपर पसरायचे. हा कागद मला इथे मनासारखा मिळाला नाही म्हणून आई येताना त्याची गुंडाळी साडीत लपेटून घेऊन आली होती.

"आपण जाऊन येऊ या," तो म्हणाला. "आई इथे आहेत तोवर. पोरीला त्या बघतील. फक्त आपण दोघं. आठवतं ना, किती मजा आली होती?"

आठवत होतं. मला तर सगळंच आठवत होतं, हीच अडचण होती.

पहिल्यांदा गेलो ते २००१ मध्ये. त्याच्या कंपनीने त्याला पुण्याहून वर्क परमिटवर आणलं होतं आणि मी त्याच्या मागून डिपेन्डन्ट म्हणून आले होते. पुण्यात आर्किटेक्चरची पाच वर्षं आणि त्यानंतर एका ऑफिसात दोन वर्षं काढून आले होते. साइटवर गवंड्यांशी भांडायची मला सवय होती. ब्रॅकनेलच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये भांडायला कुणीच नव्हतं. तेव्हा आमच्या भारतीय पासपोर्टवर इटलीचा व्हिसा घ्यायला लंडनला थंडीत रांग लावावी लागली. ती रांग मी हसत लावली. कॉलेजात हिस्ट्रीच्या तासाला ज्याच्या पिवळट स्लाइड्स बघितल्या होत्या, तो फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट बघायला मिळणार होता.

त्या तीन-चार दिवसांत मी बोलतच होते. हा एवढा मोठा घुमट खालून सेंटरिंग, म्हणजे लाकडी आधार, न लावता कसा उभा केला, आत एक आणि बाहेर एक अशी दोन कवचं कशी आहेत, विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या का लावल्या, म्हणजे ओला थर घसरू नये. बांधणाऱ्याचा पुतळा कॅथीड्रलच्या शेजारीच बसवलेला आहे आणि तो मान वर करून स्वतःच्याच घुमटाकडे बघतोय, हे मी त्याला हात धरून दाखवलं. आणि तो ऐकत होता. उगाच मान हलवत नव्हता, खरंच ऐकत होता, प्रश्न विचारत होता. वर चढायचं मात्र राहून गेलं. आम्ही गेलो त्या दिवशी कसला तरी सण होता आणि दार बंद होतं.

शेवटच्या संध्याकाळी नदीपलीकडच्या टेकडीवरच्या चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो. तो आपणहून म्हणाला, "मला दोन वर्षं दे. माझं जरा बस्तान बसू दे. मग तुझी परीक्षा. तेव्हा घर मी बघीन."

मी विचारलं नव्हतं. तो स्वतःहून म्हणाला होता.

परीक्षा म्हणजे काय ते सांगायला हवं. बाहेरच्या देशात शिकलेल्या आर्किटेक्टला इथे आपलं सगळं काम मांडून, तीन परीक्षकांसमोर बसून, आपलं शिक्षण इथल्या पदवीच्या तोडीचं आहे हे पटवून द्यावं लागतं. मग वर अनुभवाची आणखी एक परीक्षा. तोवर नावापुढे आर्किटेक्ट लिहायचं नाही. ड्रॉइंग करा, घरं उभारा, कुणी अडवत नाही, पण तो शब्द वापरायचा नाही. तसा कायदाच आहे.

दोन वर्षांनी त्याने नोकरी बदलली, म्हणून परमिट नवीन. मग मुलगी झाली. मग घर घेतलं. मग त्याचं मॅनेजरचं प्रमोशन. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. खोटं कारण असतं तर मी केव्हाच पकडलं असतं. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी गावाबाहेरच्या रिटेल पार्कमधल्या एका किचन शोरूममध्ये लागले. लोक मापं घेऊन यायचे आणि मी कॉम्प्युटरवर त्यांची कपाटं बसवून द्यायचे. सिंक खिडकीखाली, फ्रिज कोपऱ्यात. घरी नवरा त्याला "तुझं ते किचनचं" म्हणायचा.

तर २००८च्या मे महिन्यात आम्ही परत निघालो. ह्या वेळी दोघांकडे ब्रिटिश पासपोर्ट, त्यामुळे व्हिसाची कटकट नाही. स्टॅनस्टेडहून विमानाने पिसा आणि पिसाहून ट्रेन. मुलीने निघताना जरा तोंड वाकडं केलं, पण आजीने तिला शिऱ्याचं आमिष दाखवलं आणि ती आम्हाला विसरली. ट्रेनमध्ये नवरा खुशीत होता. त्याने हॉटेलही तेच शोधून काढलं होतं. मलाही बरं वाटत होतं, हे मी कबूल करते. पिशवीत मी एक स्केचबुक टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घुमटावर जायच्या रांगेत उभे राहिलो. रांग कॅथीड्रलच्या बाजूने लांबच लांब गेली होती. ऊन होतं. मागून आवाज आला, "माझे पाय दुखायला लागले हो." मराठीत! आम्ही दोघंही वळलो. साठीच्या आसपासचं जोडपं होतं. हाउन्सलोला तीस वर्षं राहिलेले. काका हीथ्रोला कार्गोमध्ये होते, नुकतेच रिटायर झाले होते. काकू माझ्या टिकलीकडे बघून म्हणाल्या, "तरी मी ह्यांना म्हटलं, पुण्याच्या दिसतायत."

छान गप्पा सुरू झाल्या. नवरा काय करतो, मुलं किती, आई किती दिवस आहे. मग काकूंनी मला विचारलं, "आणि तू काय करतेस गं?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "ही आर्किटेक्ट होती."

"होती म्हणजे?"

"म्हणजे इंडियात. आता घरचं आर्किटेक्चर सांभाळते." तो हसला. काकाही हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, आणि तो हात मला हसण्यापेक्षा जास्त लागला.

चारचौघांत नवऱ्याला तोडायचं नाही हे माझ्यात इतकं मुरलेलं आहे की तोंड आपोआप मिटतं. आमच्या डाव्या हाताला तो घुमट बांधणारा दगडाचा माणूस वर बघत बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. मनात एकच शब्द घोळत होता, होती. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा तो शब्द होता. आणि शोरूमची नोकरी तर त्याने जिवंत किंवा मेलेली कुठल्याच रांगेत धरली नव्हती.

तेवढ्यात काकांनी विचारलं, "घर स्वतःचं का?"

"हो. आता मागे एक्स्टेंशन काढतोय."

"अरे बापरे! आमच्या शेजाऱ्याने काढलं तर कौन्सिलने परवानगीसाठी त्याच्या नाकी नऊ आणले."

"आम्ही त्याची सोय केलीय," नवरा म्हणाला. "वोकिंगहॅमचा एक माणूस आहे, हेच करतो. त्याने ड्रॉइंग्ज करून दिलीयत. परत गेलो की कौन्सिलला सबमिट."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कुठली ड्रॉइंग्ज?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलोय. "अगं, ते मी तुला सांगणारच होतो. इथेच. संध्याकाळी निवांत. सरप्राइज होतं."

"मी काय करतेय मग टेबलावर? रोज?"

"ते आहेच ना. त्याने तुझ्या आयडिया घेतल्यायत. मी तुझे कागद स्कॅन करून पाठवले होते त्याला."

काका-काकू दोघंही एकदम समोरच्या संगमरवराचं निरीक्षण करायला लागले. मी रांगेतून बाहेर पडले.

"अगं, आता नंबर येईल आपला. बाहेर गेलीस तर परत शेवटून लागायचं," तो म्हणाला. म्हणजे माझ्यामागे येण्यात अडचण काय होती, तर ती रांग.

कोपऱ्यावर जाऊन मी एकदा वळून बघितलं. तो येत असेल असं वाटलं होतं. काकूंची पिशवी त्याने हातात घेतली होती आणि त्यांना पुढे करून तो दारातून आत जात होता. ज्या घुमटावर चढण्यासाठी मला परत आणलं, त्यावर तो हाउन्सलोच्या काका-काकूंना घेऊन गेला.

मला चालताना काही दिसत नव्हतं. एका टूर ग्रुपमध्ये घुसले, छत्री उंच धरलेली त्यांची गाइड बाई माझ्यावर ओरडली, मीही मराठीत ओरडले. शेवटी, घुमट बांधणाऱ्यानेच अनाथ मुलांसाठी बांधलेल्या त्या जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. नाजूक खांब, वर कमानी, खांबाची उंची तेवढंच दोन खांबांतलं अंतर आणि तेवढंच मागच्या भिंतीपर्यंतचं. कमानींच्या मध्ये निळ्या गोलांत कापडात गुंडाळलेली बाळं. पहिल्यांदा आलो तेव्हा इथे मी अर्धा दिवस घालवला होता. आता मला ते काहीच बघायचं नव्हतं.

तिथे बसून मला आमच्या शेजारच्या रीडिंग गावातलं ऑफिस आठवलं. मुलगी दोन वर्षांची असताना तिथल्या एका छोट्या फर्ममध्ये मी चोरून अर्ज टाकला होता आणि त्यांनी मला बोलावलं होतं. असिस्टंटचं काम, पण ऑफिसच मला परीक्षेला बसवणार होतं. मालक म्हातारा होता, त्याने माझे पुण्याचे कागद भिंग लावून बघितले आणि म्हणाला, सोमवारी ये. त्याच आठवड्यात नवऱ्याला एडिनबराचा प्रोजेक्ट मिळाला. सोमवारी पहाटे जायचं, शुक्रवारी परत. मी त्याला रीडिंगचं सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा! घे ना मग. नर्सरीतून पोरीला कोण आणेल तेवढं आपण बघू." आणि सूटकेस भरायला लागला. ते 'आपण बघू' मी रविवारपर्यंत एकटीच बघत होते. नर्सरी बंद व्हायच्या आत रीडिंगहून पोचवणारी ट्रेन नव्हती. सोमवारी मी फोन करून नाही सांगितलं.

त्याने मला कधीच नको म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते. मला भांडता येतं.

तो आला तेव्हा दुपार होऊन गेली होती. मी इथे असेन हे त्याला बरोबर सुचलं, ह्याचाही मला राग आला. हातात पाण्याची बाटली होती. शेजारी बसला आणि कॅमेरा पुढे केला. "बघ, वरून काय दिसतं. मी आतल्या विटांचे पण फोटो काढलेत तुझ्यासाठी. त्या तिरप्या."

"मला नकोत."

"तू ओव्हररिअॅक्ट करतेयस. मी तुझा लोड कमी केला. शोरूम, पोरगी, आई, वर हे. कौन्सिलच्या मागे कोण धावणार?"

"मी."

"आणि रिजेक्ट झालं असतं तर? महिनाभर तुझं तोंड उतरलेलं. ते मला बघवलं नसतं."

"म्हणजे माझं रिजेक्ट होणार, हे तू ठरवून टाकलंस."

"मी असं म्हटलं नाही."

"तू काहीच म्हणत नाहीस. तू नुसतं करून टाकतोस. आणि होती काय, होती? मी मेले का?"

तो पण चिडला आता. "लीगली तुला इथे आर्किटेक्ट म्हणता येत नाही. तूच मला सांगितलंस. मी काय खोटं बोललो? आणि रीडिंगला मी अडवलं होतं का तुला? तू फोन केलास. तू नाही म्हणालीस."

त्याच्याकडे वकिलासारखी सगळी वाक्यं तयार होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. बाटलीतलं पाणी मी पायऱ्यांवर ओतलं. सगळं. हा वेडेपणा होता, पण त्याला मारणं शक्य नव्हतं आणि काहीतरी करणं भाग होतं. पायऱ्यांवर बसलेले दोन विद्यार्थी उठून लांब जाऊन बसले.

"पहिल्या वेळी त्या टेकडीवर तू काय म्हणाला होतास?" मी विचारलं.

"काय म्हणालो होतो?"

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याला हॉटेलचं नाव आठवत होतं, आपण कुठे काय खाल्लं ते आठवत होतं, मी पावसात चप्पल तुटून अनवाणी चालले तेही आठवत होतं. त्या रात्री जेवायला गेलो तेव्हा वेटरशी बोलले, त्याच्याशी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला असताना मी बाहेर पडले आणि एकटीच रांगेत उभी राहिले. पुढे-मागे कुणीही मराठी नव्हतं, बरं झालं. जिना दगडी, अरुंद, फिरत फिरत जाणारा. मधे एका सज्ज्यातून आतली चित्रं दिसतात. सगळे तिथे थांबून वर बघत होते, मी थांबले नाही. त्यापुढे दोन कवचांच्या मधली वाट लागली. भिंत कलायला लागते, आपल्यालाही तिच्याबरोबर कलून चालावं लागतं. आणि तिथे त्या विटा होत्या. मी हात लावला. गार होत्या. कुणी कुणी त्यावर नावं कोरून ठेवली होती.

मला वाटलं होतं इथे मला रडू येईल. रडू आलं नाही. संताप आला, आणि तो नुसता नवऱ्याचा नव्हता. मला सगळं कळत होतं. ही वीट उभी का, ही आडवी का, वजन कुठून कुठे उतरतंय, सगळं. इतकी वर्षं गेली, कपाटं बसवली, तरी त्यातलं काहीच पुसलं गेलं नव्हतं. गेलं असतं तर निदान सोपं तरी झालं असतं. मागून एक इंग्लिश माणूस "एक्स्क्यूज मी, लव्ह" म्हणाला. मी वाट अडवून उभी होते. मी म्हटलं, थांबा. तो थांबला. त्याच्या मागची सगळी माणसंही थांबली. मला हवं तेवढं बघून झाल्यावरच मी पुढे सरकले.

खाली आले तर नवरा दाराशी उभा होता. घाबरलेला होता. "सांगून तरी जायचंस," तो म्हणाला. "सरप्राइज होतं," मी म्हटलं.

परतीच्या प्रवासात आम्ही कामापुरतं बोललो. पासपोर्ट दे, जॅकेट घे, एम ट्वेंटीफाइव्ह हायवेला ट्रॅफिक आहे. घरी पोचलो तर मुलगी आजीच्या मांडीवर बसून टीव्ही बघत होती. नवरा गाडीतून बॅगा काढत होता तेवढ्यात मी स्वयंपाकघरात आईला सांगून टाकलं. वोकिंगहॅमचा माणूस, ड्रॉइंग्ज, माझे कागद त्याला पाठवले, सगळं. आपली आई तरी आपल्या बाजूने चिडेल अशी माझी कल्पना.

आई चहाचं आधण ठेवत होती. "तो होय," ती म्हणाली. "चांगला मुलगा आहे गं. मापं घ्यायला आला होता ना. चहा प्यायला, चकली खाल्ली, थँक्यू थँक्यू म्हणून गेला."

"तुला माहीत होतं?"

"जावई म्हणाले, सांगू नका, सरप्राइज आहे."

मी शोरूममध्ये कुणाचं तरी सिंक खिडकीखाली बसवत होते तेव्हा माझ्या घरात दुसरा माणूस टेप लावून माझ्या भिंती मोजत होता आणि माझी आई त्याला चकली देत होती. साडीत गुंडाळून कागद आणणारी हीच आई.

"तुला काहीच वाटलं नाही?" माझा आवाज चढला. "तू जन्मभर शाळेत शिकवलंस. मला ताप असताना पाळणाघरात ठेवून गेलीस, पण एक दिवस शाळा चुकवली नाहीस. आणि मला सांगतेस चांगला मुलगा आहे?"

आईने गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणूनच सांगते." मी किती विचारलं, म्हणूनच म्हणजे काय. तिने कप काढले, साखर घातली, गाळणं धुतलं. आजतागायत तिने ते वाक्य पुरं केलेलं नाही.

त्या माणसाची ड्रॉइंग्ज नवऱ्याने मुकाट्याने आणून टेबलावर ठेवली. मी ती तासभर बघितली. मला त्यात चूक हवी होती. एखादं दार उलट्या बाजूला उघडणारं, ड्रेनेजचा पाइप भलत्याच जागी, काहीतरी. काही सापडलं नाही. साधी, बरोबर, कुणाच्याही घराला चालतील अशी ड्रॉइंग्ज होती. खोलीचं दार त्याने माझ्यासारखंच बागेकडे काढलं होतं. माझ्याच कागदावरून. चूक निघाली असती तर मी ती नवऱ्याच्या तोंडावर फेकली असती.

"कौन्सिलला माझी जाणार," मी म्हटलं.

"पण त्याचे पैसे देऊन..."

"माझी जाणार. माझ्या नावाने."

ह्या वेळी मी त्याच्या होकाराची वाट बघत थांबले नाही. सुट्टी घेतली, ड्रॉइंग्ज पुरी केली आणि स्वतः कौन्सिलच्या ऑफिसात नेऊन दिली. त्यांनी ती एकदा परत पाठवली. शेजाऱ्यांच्या खिडकीचा उजेड अडतोय म्हणाले. मी ते पत्र स्वयंपाकघरात उघडलं, नवरा समोर उभा होता. त्याचा चेहरा बघून मला कळलं की तो "मी म्हटलं नव्हतं का" हे गिळतोय. त्याने गिळलं, हे त्याच्या नशिबाने. मी छपराचा उतार बदलला, भिंत थोडी आत घेतली. परवानगी आली. तोवर आई पुण्याला परत गेली होती.

मग मी शोरूमही सोडली. सोडायची वेळ माझी अगदीच चुकली. त्या हिवाळ्यात बँका कोसळल्या, सगळीकडे बांधकामं थांबली आणि आर्किटेक्टच्या ऑफिसांतून लोकांना घरी पाठवायला लागले. रीडिंगच्या त्या म्हाताऱ्याला मी फोन केला तर त्याचं ऑफिसच बंद झालं होतं. मग मी घरी बसून शेजारपाजारचे लॉफ्ट, गॅरेज, जे मिळेल ते करायला लागले आणि उरलेल्या वेळात परीक्षेची तयारी. नवरा मुलीला शाळेतून आणायला लागला. सुरुवातीला दर वेळी येऊन सांगायचा, "आणलं हं." जणू मी टाळ्या वाजवायच्या होत्या. मित्रांच्या घरी जेवायला गेलो की आता तो मोठ्याने म्हणायचा, "ही आर्किटेक्ट आहे, बरं का." मला दोन्हीची सारखीच चीड यायची.

पुढच्या वर्षी इंटरव्ह्यू झाला. लंडनमध्ये, एका उंच छताच्या थंड खोलीत. तिघं परीक्षक होते. दोघांनी पुण्याच्या कामावर आणि मग एक्स्टेंशनवर प्रश्न विचारले, भिंत आत का घेतली, पाणी कुठे जातं. त्यांची उत्तरं मी धडाधड दिली. मग तिसऱ्या बाईंनी चष्मा काढला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "मध्ये इतक्या वर्षांची गॅप दिसतेय. त्याबद्दल काही सांगाल?"

घरी मी ह्या प्रश्नाची वीस उत्तरं तयार केली होती. त्यातली काही फार धारदार होती. मी म्हटलं, "फॅमिली कमिटमेंट्स." बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. तेवढ्या दोन शब्दांत सगळं बसवून टाकलं मी. जिना उतरताना स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

नवरा गाडी घेऊन खाली थांबला होता. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती.

"कसा झाला?"

"होईन पास."

"मला माहीतच होतं," तो म्हणाला.

माहीतच होतं! मी त्याच्याकडे वळून बघितलं. तो आरसा बघून गाडी बाहेर काढत होता, चेहरा खरोखर आनंदी होता. मी काच खाली केली. हॅमरस्मिथला सिग्नल लागला. मग मी म्हटलं, "घरात दूध नाहीये. पुढच्या दुकानाशी थांबव."